सरोजाला सापडलेलं मूळपद

कुंभकोणमच्या मेलकावेरीत सरोजाला लोक ‘बायबलाची कीर्तनकारीण’ म्हणत, आणि हे नाव तिला मनापासून आवडे. नऊवारी नेसून, हातात चिपळ्या घेऊन ती चर्चच्या अंगणात उभी राहिली, की दावीद आणि गल्याथ, योना आणि मासा या गोष्टी तमिळमधून अशा रंगवी की पोरं जेवण विसरत.

घडण सगळी वडिलांची. हनुमंतराव तंजावरच्या मराठी कीर्तनकारांच्या घराण्यातले. साकी आणि दिंडी ही कीर्तनातल्या पदांची वृत्तं तमिळ मुलखात आपल्या माणसांनी आणली, हे ते आल्यागेल्याला ऐकवत. सरोजाने ख्रिस्ती ज्ञानराजशी लग्न केलं, पुढे बाप्तिस्मा घेतला, तेव्हा वर्षभर त्यांनी अबोला धरला. मग एक दिवस स्वतःच्या चिपळ्या तिच्यापुढे ठेवून म्हणाले, “देव तू निवडलास. ताल मात्र माझाच ठेव.”

गेल्या वर्षी नाताळच्या आधी चर्चने तिला मोठं कीर्तन सांगितलं. आजूबाजूच्या गावांतून माणसं येणार होती. सरोजाने आपल्या सगळ्यात रंगणाऱ्या गोष्टी काढल्या आणि माहेरी जाऊन वडिलांसमोर तालीम केली. ऐंशी ओलांडलेले हनुमंतराव डोळे मिटून ऐकत होते.

“गोष्टी झकास आहेत. मूळपद कुठलं? सारं कीर्तन ज्याच्याभोवती फिरतं ते?”

“प्रत्येक गोष्टीला वेगळं आहे, अप्पा.”

“म्हणजे ग्रंथ एक आणि देव पन्नास?” त्यांनी डोळे उघडले. “सगळं एकाच देवाचं आहे असं तू म्हणतेस ना? मग मूळपदही एकच असणार. तुला ते अजून सापडलेलं नाही.”

बोल झोंबले. बायबल तिला जवळजवळ पाठ होतं. तरी घरी येऊन ती पहिल्या पानापासून वाचायला बसली, एकही ओळ न गाळता. बागेत देव संध्याकाळच्या वाऱ्यात फिरतो आणि लपलेल्या आदामाला हाक मारतो, कुठे आहेस तू? हे तिने शंभरदा सांगितलं होतं. पुढे वाळवंटात देव मोशेला आपल्या तंबूचं, निवासमंडपाचं, माप देतो. फळ्या, पडदे, कड्या, पानंच्या पानं. हा भाग ती नेहमी उलटून पुढे जाई. या वेळी तिथेच तिचं बोट अडकलं. ज्याने आभाळ ताणलं, त्याला तंबू कशाला हवा? कारण त्याची माणसं तंबूत होती! मग तिला दिसतच गेलं. तंबूनंतर मंदिर. मंदिर जळतं, माणसं परमुलखात नेली जातात, तिथेही तो सोबत. मग गोठ्यातलं बाळ, ज्याचं नावच ‘आमच्याबरोबर देव’. आणि अगदी शेवटच्या पानांवर आकाशातून वाणी होते, की पाहा, देवाची वस्ती माणसांबरोबर आहे.

“अहो!” तिने स्वयंपाकघरातून ज्ञानराजला ओढून आणलं. “पहिल्यापासून तो आपल्यात राहायलाच निघालाय. एक पाऊलही वाकडं नाही!”

ज्ञानराजने पानं मागेपुढे केली. “मी जन्मापासून चर्चमध्ये आहे,” तो म्हणाला. “असं सलग कधी पाहिलं नव्हतं.”

तिने पद बांधलं, ‘तुमच्यात मला राहायचे’. चर्चच्या एका ज्येष्ठांनी कुरकुर केली. “तंबूची मापं नका सांगू, बाई. लोक उठून जातील.”

“तंबू गाळला तर सांधाच निखळतो,” सरोजा म्हणाली, आणि हटली नाही.

कीर्तनाच्या संध्याकाळी अंगण भरलं. हनुमंतराव शाल पांघरून पुढच्या खुर्चीत बसले. चर्चच्या आवारात ते पहिल्यांदाच आले होते. बागेची कथा रंगली. पण मंडप आला तशी चुळबुळ सुरू झाली, मागचे दोघेतिघे उठलेसुद्धा. तेवढ्यात बायकांमधून आवाज आला, “देव तंबूत? आमच्यासारखा?”

ती शिवकामी होती. कोळ्ळिडम नदीच्या पुराने तिचं घर नेलं होतं, आणि मुलाबाळांसह ती ताडपत्रीखाली राहिली होती. सरोजाने ठरवलेली ओळ सोडून दिली आणि तिच्याकडे वळली.

“तुझ्यासारखाच, अक्का. आधी लोकांचे तंबू उभे राहिले, मग त्याने आपला मागितला. कडेला नाही, मधोमध.”

“आणि लोक उठून दुसरीकडे गेले की?”

“की तोही निघे. पुढे तर त्याने तंबूही सोडला आणि आपलं माणसांचं शरीरच घेतलं.”

शिवकामीने पदर डोळ्यांना लावला. मग तिनेच टाळी धरली. उठलेले खाली बसले, आणि सरोजाने मूळपद असं उचललं की सारं अंगण तिच्याबरोबर गाऊ लागलं. पुढे राजे आले, संदेष्टे आले, क्रूस आला, रिकामी कबर आली. कुठेही तिला धागा शोधावा लागला नाही. प्रत्येक प्रसंग आपल्या जागी येऊन बसत होता. इतक्या वर्षांत आपण असं गायलो नाही, हे तिला गातागाताच कळत होतं.

संपल्यावर ती वडिलांच्या पाया पडली. “बरवें जालें, बाळे,” ते आपल्या जुन्या मराठीत म्हणाले. “दुसऱ्या दिंडीत घाई केलीस. बाकी माझ्या बापालाही असं मूळपद सापडलं नसतं.”

पट्टीश्वरम गावाहून आलेल्या मंडळींनी तिथल्या तिथे तिला आमंत्रण दिलं.

दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली, तेव्हा ओसरीवर शेजारचे अनंतकृष्ण बसले होते. “बायबलावर कीर्तन होतं होय?” ते विचारत होते.

“होतं तर!” हनुमंतरावांचा आवाज गल्लीभर गेला. “पहिल्या पानावर उचलतं, शेवटच्यावर समेवर येतं. माझ्या लेकीने दाखवलं. बैस, सांगतो.”

सरोजा मागच्या दाराने आत शिरली आणि कॉफीचं पाणी ठेवलं. वडील सगळं पहिल्यापासून सांगत होते, आणि तिला मध्ये जायची मुळीच घाई नव्हती.