गुलाबी राहिलेली वीट

शैलामावशी गेल्याचा फोन तिच्या यजमानांनी, काकांनीच केला. "शैला गेली सकाळी," एवढं म्हणून ते थांबले... आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "वीट जशीच्या तशी आहे. मी हात नाही लावला." दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, दुःखानं माणसाचं डोकं फिरलं. मला मात्र त्या वाक्यावरच रडू फुटलं.

मावशी रायपूरजवळच्या एका पोलाद कारखान्यात केमिस्ट होती. राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं आणि गावभर बांधकामं निघाली, त्या वर्षांतली ही गोष्ट. चौबे कॉलनीतल्या तिच्या घरासमोर कायम कुणाची तरी रेती पडलेली असायची. तिच्या डोक्यात मात्र निराळंच चाललेलं. भट्टीतून निघणारी मळी, कारखान्यात तिला स्लॅग म्हणतात, तिचे ढीग कुंपणाशी साचायचे आणि तिथल्याच चिमणीतून कार्बन डायऑक्साइड आभाळात जायचा. मळीत चुना असतो आणि या वायूशी गाठ पडली की चुन्याचा दगड होतो. मग मळी दळून वीट थापावी, तिला हा वायू पाजावा. भाजायलाही नको आणि सिमेंटही नको. "स्थळ चांगलं आहे," ती म्हणायची, "दोघंही घराबाहेर काढलेले." निवृत्त व्हायच्या आधी चिमणीवर एक नळी बसवून हे करून बघायचं, एवढी एकच गोष्ट तिला हवी होती.

तोवर प्रयोग घरी. गव्हाची लोखंडी कोठी रिकामी झाली, तिच्या झाकणाला रबराची पट्टी लागली आणि बुढापारा भागातल्या सोडावाल्याकडून वायूचं सिलिंडर यायला लागलं. "दीदी, इतना सोडा घर में कौन पीता है?" त्यानं एकदा विचारलं. "ईंट पीती है, भैया," मावशी म्हणाली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नागपूरहून तिच्याकडे जायची. वीट फोडायची आणि आतल्या ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन फवारायचं, हे माझं काम. वायू पोचला नसेल तिथं गडद गुलाबी रंग चढायचा, पोचला असेल तिथं काहीच नाही. दरवेळी कडा कोऱ्या आणि मधला भाग गुलाबी. "काठाकाठानंच जेवून राहिली पोट्टी," मावशी चिडायची आणि लगेच नवीन मिश्रण मळायला घ्यायची. मी पुढे रसायनशास्त्र शिकवायला लागले, ते त्या गुलाबी रंगापायीच.

शेवटी कारखान्याचे साहेब लोक वीट बघायला घरी येणार असं ठरलं. मावशीनं विटा अंगणात मांडल्या. कोठीत जाण्याआधी त्या अर्धवट सुकायला हव्या होत्या, कारण बारीक छिद्रं पाण्यानं भरली तर वायूला आत शिरायला वाटच राहत नाही. मधल्या काळात ती एका लग्नाला दुर्गला गेली. घरी काका. घर बांधताना त्यांनी सकाळ-संध्याकाळ भिंतींवर पाणी मारलेलं. कोवळी वीट उन्हात कोरडी पडलेली त्यांना कशी बघवणार? बायकोच्या कामात कसर राहू नये म्हणून त्यांनी बादल्याच्या बादल्या ओतल्या. मावशी परतली तेव्हा विटा वरून सुकलेल्या दिसत होत्या. तिनं त्या तशाच कोठीत भरल्या.

पाहुण्यांसमोर मी वीट फोडली, फवारा मारला. या कडेपासून त्या कडेपर्यंत गुलाबी. साहेबांनी पोह्यांचं कौतुक केलं आणि गेले. चिमणीचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

"मी पाणी टाकलं होतं," काका हळूच म्हणाले.

"काहून टाकलं तुम्ही?"

"मले वाटलं, उन्हानं तडकून जाईन. विटेले पाणी लागतेच ना..."

मावशी हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि मग स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. काका दाराशी उभे होते. त्यांना आत जायचा धीर झाला नाही.

त्या खेपेतली एक वीट तिनं खिडकीत ठेवून दिली. "हवेतही असतेच थोडा वायू. पाहू, हिच्या पोटात कधी पोचते." मग वर्षं गेली, ती निवृत्त झाली, आजारी पडली. शेवटच्या भेटीत मी विचारलं, फोडायची का? "घाई करू नको," ती म्हणाली. "लवकर फोडली तर काय कळणार?"

गेल्या आठवड्यात मी कॉलेजातून फिनॉल्फ्थॅलीनची बाटली घेऊन गेले. काकांनी वर्तमानपत्र पसरलं, हातोडी माझ्या हाती दिली. "तिले पाहाचं होतं," एवढंच म्हणाले. वीट दुभंगली. मी फवारलं आणि आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. करडा रंग, सगळीकडे करडाच... आणि मग अगदी मधोमध, बोराएवढा, गुलाबी.

काका कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत होते. "थोडंच बाकी आहे," म्हणाले. मग दोन्ही तुकडे उचलून त्यांनी पुन्हा खिडकीत ठेवले, फुटलेली बाजू वाऱ्याकडे करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामवाल्या बाई ओला फडका घेऊन खिडकी पुसायला गेल्या. काका चहा पीत बसले होते. कप खाली ठेवून ते उठले आणि म्हणाले, "दीदी, उस पर पानी मत लगाना."