देव्हाऱ्यातलं सीरम

मला भांडकुदळ सून चालली असती. मिळाली ती पुण्याची, इंजिनिअर, आणि इतकी सालस की घरात आहे की नाही हे दाराबाहेरच्या चपलांवरून ओळखावं लागे. वाढलेलं मुकाट खायची, विचारलं तर 'छान झालंय' म्हणायची आणि सकाळी साडेसातला ऑफिसची कॅब आली की व्हाइटफील्डला निघून जायची. सहा महिन्यांत तिनं ब्रसुद्धा काढला नाही. शेजारणी म्हणत, अक्का, नशीब काढलंत. मला मात्र धास्ती वाटायची. लॉजमध्ये उतरलेलं माणूस असंच वागतं, आणि एक दिवस किल्ली देऊन चालू लागतं. मुलानं मध्यंतरी सर्जापूर रोडवरच्या एका फ्लॅटचा विषय काढला होता, दोघांच्या ऑफिसला सोयीचा म्हणून. तिला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही सगळे ठरवाल तसं." या उत्तराला धरायचं कुठून तेच मला कळेना.

बेंगळूरची थंडी दिसायला गरीब असते, पण कातडीची वैरीण. त्यात आमच्याकडे बोअरचं पाणी. डिसेंबर लागला की माझ्या गालावर नखानं नाव लिहिता येतं. मी त्याचं कधी मनावर घेतलं नव्हतं, पण सुनेनं घेतलं. लग्नानंतर तिनं इथं नवी नोकरी धरली होती, तिचा पहिला पगार झाला आणि माझ्यासाठी एक पार्सल आलं. आत अंगठ्याएवढी तपकिरी बाटली. टोपणालाच ड्रॉपर, लहान मुलांच्या औषधाला असतो तसा.

"अँटिऑक्सिडंट सीरम आहे," ती म्हणाली. "व्हिटॅमिन सी. सकाळी तोंड धुतल्यावर चार थेंब लावायचे. म्हणजे, तुम्हाला जमेल तसं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पहिल्या पगारात माणसं साडी घेतात, चांदीची वाटी घेतात. हिनं माझे गाल बघून ठेवले होते.

आता आमचं घराणं या शहरात येऊन किती पिढ्या झाल्या ते कुणालाच ठाऊक नाही. बोलण्यात निम्मं कन्नड मिसळलं, पण नवी वस्तू आधी देवापुढे ठेवायची पद्धत काही सुटली नाही. कुकर, मोबाइल, वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक, सगळ्यांना हळदकुंकू लागलेलं आहे. नवऱ्याची कवळीसुद्धा एक दिवस देवापुढे होती. तिथं पहिल्या पगाराची वस्तू तशीच तोंडाला फासायची म्हणजे काय? शिवाय धनुर्मास लागला होता, आणि त्या महिन्यात आमच्यात नवं काही सुरू करत नाहीत. मी बाटलीला कुंकवाचं बोट लावलं आणि ती समईशेजारी उभी केली, संक्रांतीपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सून घाईत निघाली होती. देव्हाऱ्यापाशी थबकली. देवांच्या रांगेत आपली बाटली तिनं पाहिली. तिचे ओठ जरासे हलले, मग तिनं नमस्कार केला आणि ती गेली.

एक महिना बाटलीनं रोज दोन वेळा समईची ऊब घेतली, आणि पूर्वेच्या खिडकीतलं ऊनही. खोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत काय काय छापलं होतं, पण ते खोकं मी केव्हाच कापसाच्या वाती ठेवायला घेतलं होतं.

संक्रांतीला न्हाऊन मी पहिले चार थेंब तळहातावर घेतले. रंग कोऱ्या चहाचा. वास गंजक्या खिळ्यांचा. दुसरी कुणी असती तर बिचकली असती, पण मला व्हिटॅमिन सी म्हणजे लिंबू एवढं ज्ञान होतं, आणि लिंबाच्या लोणच्याचं मला कुणी शिकवायला नको. ताजं असतं तेव्हा पिवळं आणि उग्र. वर्ष-दोन वर्षांनी काळं पडतं आणि औषध होतं. तेव्हा सीरम मुरलं आहे, असा मी निकाल दिला.

रोज लावत गेले. गाल जास्तच ओढायला लागले, हसताना हनुवटीपाशी चरचरे. मी समजले, गुण येतोय. रात्री सून विचारायची, "लावता ना? सूट होतंय?" मी म्हणायची, हो तर. ती ट्यूबलाइटखाली माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "ग्लो आलाय." हे ती म्हणत होती म्हणून मी आरशावर विश्वास ठेवायचं सोडलं.

पंधरा दिवसांनी समोरची शेजारीण कोथिंबीर मागायला आली आणि दारातच थांबली. "अक्का, अरिशिना हच्चिद्रा?" हळद लावलीत का, असं ती विचारत होती. मी म्हटलं, छे, सुनेनं दिलेलं सीरम आहे. तिनं 'सरी', म्हणजे बरं, म्हणून कोथिंबीर घेतली, पण माझ्याकडे बघणं थांबवलं नाही. नवरा तर रोजच पेपराआडून सांगत होता, "स्वल्प डॉक्टरला दाखवून ये. कावीळ दिसत्ये." त्याला सौंदर्यातलं कधीच काही कळलं नाही, हे मी लग्नाच्या वेळचे फोटो दाखवून सिद्ध करू शकते.

मग एका रविवारी सकाळी सून माझ्या खोलीच्या दारात आली. "आई, माझं सीरम संपलंय. तुमच्यातले दोन थेंब घेऊ?"

सहा महिन्यांत तिनं काही मागितलं ते हेच. मी अगदी हरखून बाटली पुढे केली. तिनं ड्रॉपर दाबला आणि तळहाताकडे बघत राहिली. मग खिडकीशी गेली. मग माझी हनुवटी धरून माझा चेहरा उजेडाकडे वळवला. आई गेल्यापासून माझा चेहरा असा कुणी धरला नव्हता.

"हे तुम्ही लावताय? रोज?"

"संक्रांतीपासून," मी म्हटलं. "छान मुरलंय."

"मुरलंय?" तिचा आवाज चढला. "आई, हे लोणचं आहे का? हे ऑक्सिडाइझ झालंय. खराब झालंय. उजेडात, उष्णतेत ठेवायचं नसतं, आणि तुम्ही महिनाभर दिव्याशेजारी ठेवलंत. मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं. म्हटलं, असेल यांच्यात पद्धत, आपण कशाला बोला. इथं मी काही बोलतच नाही. सारात गूळ, भाजीत गूळ, परवा तर उसळीत गूळ, तरी मी छान म्हणते. मी आत अंघोळ करत असते आणि बाबा गीझर बंद करतात, मी गार पाण्यानं डोकं धुते. आणि तुमचा चेहरा पिवळा दिसतो तर मी ग्लो म्हणते. वेडीच आहे मी पण."

नवरा पेपर खाली ठेवून दारात आला, गीझरचं नाव ऐकून परत गेला.

"ऊठसूट कोणतीही गोष्ट तोंडाला फासायची? विचारायचं नाही? आम्ही त्या फ्लॅटवर गेलो तर इथं तुम्ही काय काय कराल कोण जाणे. नकोच तो फ्लॅट. मी सांगते त्याला." तिनं बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली, बाथरूममधून स्वतःच्या क्रीमची डबी आणली आणि माझ्या गालांना चोळायला लागली. चांगलीच जोरात. चरचरत होतं, पण मी हूं की चूं केलं नाही.

हळूहळू तिचा आवाज उतरायला लागला. आता ही सॉरी म्हणेल आणि पुन्हा पाहुणी होईल, अशी मला भीती वाटली.

"त्यात मी थोडी साय पण घालत होते," मी म्हटलं.

"साय?" ती पुन्हा सुरू झाली, आणि मी डोळे मिटून ऐकत बसले. साय मी कधीच घातली नव्हती.