मनगटापर्यंतच्या बाह्या

माझ्या डाव्या कोपरावरचा पांढरा ठिपका आधी आईला दिसला. मी मागच्या दारी कपडे वाळत घालत होते, हात वर होता, आणि ती विहिरीवरून कळशी घेऊन येत होती. तिने कळशी खाली ठेवली, माझा हात धरला आणि ओल्या पदराने तो ठिपका घासला. भोवतालची कातडी लाल झाली. मधला मसुराएवढा भाग पांढराच राहिला.

"कधीपासून आहे हे?"

"मला नाही माहीत."

"कोणाला दाखवलंस?"

"नाही."

"दाखवू नको," ती म्हणाली आणि कळशी उचलून आत गेली.

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. मी रत्नागिरीत कॉलेजला होते, सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला. वडील बोटीवर, दहा महिने समुद्रावर, दोन महिने घरी. घरात आम्ही तिघी: आई, मी आणि माझ्याहून दोन वर्षांनी लहान बहीण. कोड हा शब्द आमच्याकडे कोणी उच्चारायचं नाही. आई नुसतं "ते" म्हणायची. ते वाढलंय का. त्याला तेल लावलंस का.

तेल वेळणेश्वरच्या बाजूच्या एका वैद्यांकडून आणलं होतं. एस्टीने जायचं, तरीच्या होडीतून खाडी ओलांडायची, पलीकडे पुन्हा एस्टी. वैद्यांनी बावचीचं तेल दिलं आणि सांगितलं, लावून उन्हात बसायचं. मी गच्चीवर वाळत घातलेल्या आमसुलांशेजारी कोपर उन्हाकडे करून बसायची. आठव्या दिवशी तिथे फोड आले. ते फुटून वाळले, खपली पडली, तेव्हा मसुराएवढं होतं ते रुपयाएवढं झालेलं होतं, आणि उजव्या दंडावर दुसरं दिसायला लागलं होतं.

त्याच आठवड्यात आई मला शिवणवाल्या मावशींकडे घेऊन गेली. आमच्या आळीच्या टोकाला त्या एकट्या राहायच्या आणि सगळ्या आळीचं शिवण करायच्या.

"हिचे ब्लाउज पूर्ण बाह्यांचे शिवा," आई म्हणाली. "मनगटापर्यंत."

"एवढ्या उकाड्यात?"

"तिला हौस आहे."

मावशींनी टेप घेतली आणि माप घ्यायला माझ्या दंडावरचा पदर बाजूला केला. त्यांनी पाहिलं. त्यांचा हात थांबला नाही. खांद्यापासून मनगटापर्यंत माप घेऊन त्यांनी खडूने लिहिलं आणि मला म्हणाल्या, "अर्धा इंच जास्त ठेवते, बाय. हात वर केलास की बाही मागे सरते."

आईला फक्त झाकायचं होतं. तेवढ्याने भागणार नाही हे माझ्या लक्षात आलं. अंगभर झाकून घेतलेली मुलगी दिसली की लोक कारण शोधतात. तेच हौसेने, ऐटीत घातलेलं दिसलं तर फक्त कपडा बघतात. म्हणून मी कपड्यांचा असा विचार करायला लागले, जसा परीक्षेचासुद्धा कधी केला नव्हता.

फुलाफुलांच्या साड्या मी बहिणीला देऊन टाकल्या. चार सुती साड्या ठेवल्या, एकरंगी, बारीक काठाच्या. ब्लाउज तीनच: काळा, सायीच्या रंगाचा आणि तपकिरी. कुठलाही ब्लाउज कुठल्याही साडीवर चालायला हवा, म्हणजे एक ओला असला तरी दुसरा हाताशी. मनगटाला दोन-दोन बटणं. सायीच्या रंगाच्या ब्लाउजला पूर्ण अस्तर, कारण घामाने पातळ कापड अंगाला चिकटलं की आतले डाग दिसतात. हे मी आरशासमोर हातावर पाणी ओतून तपासलं होतं. मग दोन कुडते शिवले, बिनबाह्यांचे, आणि त्यांच्या आत घालायला तलम वॉयलचं पूर्ण बाह्यांचं पोलकं. वडिलांच्या जुन्या काळ्या पँटचं मावशींनी बिनबाह्यांचं जाकीट करून दिलं. ते साडीवरही चालायचं आणि कुडत्यावरही. गळ्याला उभी पट्टी, त्यावरून ओढणीचा एक वेढा. एवढ्याच कपड्यांत अदलाबदल करून मी महिनाभर रोज वेगळी दिसायची.

आणि चांगली दिसायची. हे सांगताना मला अजून संकोच वाटतो. लेडीज रूममध्ये मुली माझ्याभोवती जमायच्या. एकीने विचारलं, "तुला कसं गो सुचतं हे? आतून एक, वरून एक." मी म्हटलं, सुचतं असंच. दोन महिन्यांत वर्गातल्या पाच-सहा जणींनी मावशींकडून तशाच बाह्या शिवून घेतल्या, दोन बटणांच्या. फरक एवढाच, की दुपारी उकडायला लागलं की त्या बटणं सोडून बाह्या कोपरावर घ्यायच्या, आणि मी वर्गाच्या खिडकीपाशी घामाने निथळत बसायची.

एकदा प्रॅक्टिकलला माझ्या शेजारची मैत्रीण म्हणाली, "तू पण दुमड गो, बघवत नाही तुझ्याकडे." आणि हसत हसत तिने माझ्या मनगटाचं वरचं बटण सोडलं. मी तिच्या हातावर जोरात फटका मारला. सगळी लॅब वळून बघायला लागली. तिचे डोळे भरून आले. ती दुसऱ्या टेबलाशी जाऊन उभी राहिली आणि वर्ष संपेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तिला खरं कारण सांगावं असं मला रोज वाटायचं. घरी आले की आई विचारायची, "कोणाला कळलं नाही ना?" आणि मी दुसऱ्या दिवशी गप्प राहायची.

तिसऱ्या वर्षी ते मनगटाखाली उतरलं. आधी अंगठ्याच्या मुळाशी, मग बोटांच्या सांध्यांवर. तिथे कुठली बाही पोचणार? रात्री डोळे मिटले की मला माझी बोटं दिसायची. लॅबमधून मी परमँगनेटचे चार खडे कागदात बांधून आणले. पाण्यात टाकले, त्या जांभळ्या पाण्यात बोटं बुडवली. वाळल्यावर कातडीवर तपकिरी रंग चढला, माझ्या रंगाच्या जवळ जाणारा. मला इतका आनंद झाला की मी न्हाणीघरातच खाली बसले. पण तो रंग तीन-चार दिवसांत उडायचा, तोही कुठे कमी कुठे जास्त, आणि नखं काळपट व्हायची. कोणी विचारलं तर मी मेंदी म्हणायची. पुढे पुढे बोटं सोलवटायला लागली. तरी दर रविवारी मी ते पाणी करत होते.

त्याच वर्षी बहिणीला स्थळ आलं. मुलगा लोट्याला एका कंपनीत होता, कंपनीच्या बसने शिफ्टला जायचा; घरही त्याच बाजूचं. मोठीच्या आधी धाकटीचं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा आईने सांगितलं, मोठीला पुढे शिकायचं आहे. बघायला आले त्या दिवशी मला मावशींकडे बसवलं होतं. मी तिथे बटणपट्ट्या टाचत बसले. संध्याकाळी बहीण धावत आली आणि म्हणाली, "जमलं." मी तिला मिठी मारली. मला खरंच बरं वाटलं होतं.

लग्नाच्या महिनाभर आधी वडील आले. माझ्यासाठी त्यांनी निळं जॉर्जेट आणलं होतं, हातात धरलं तर पाण्यासारखं निसटणारं. "याचं बिनबाह्यांचं काहीतरी शिव," ते म्हणाले. "सिंगापूरला मुली तसंच घालतात. या उन्हात कसल्या पूर्ण बाह्या?"

"फॅशन आहे सध्या," आई चुलीकडे बघत म्हणाली.

त्यांनी ते खरं मानलं. मी त्या जॉर्जेटला अस्तर लावून लग्नासाठी पूर्ण बाह्यांचा ब्लाउज शिवून घेतला. उभी गळपट्टी, मनगटाला दोन बटणं, वर एकरंगी पांढरी साडी नेसायची ठरवली. इतका देखणा कपडा माझ्याकडे त्याआधी नव्हता.

लग्नाला तीन दिवस असताना चुडा भरायला कासारीण आली. पडवीत चटई टाकली, आळीतल्या बायका जमल्या. बहिणीचे हात भरून झाले. मग आईचे. मग कासारीण म्हणाली, "आता करवलीला बसवा."

मी म्हटलं, "मला नकोत."

"नकोत कसं? सख्ख्या बहिणीचं लग्न, आणि हात रिकामे?" बायका हसायला लागल्या. कोणीतरी मला खांद्याला धरून चटईवर बसवलं. आई हातातल्या नव्या बांगड्या मागेपुढे करत राहिली. कासारणीने माझा हात हातात घेतला, सवयीने दोन्ही बटणं सोडली आणि बाही कोपरापर्यंत सारली.

तोपर्यंत माझ्या हाताचा निम्म्याहून जास्त भाग पांढरा झाला होता. कासारणीने एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं. मग माझी बोटं जुळवून दाबून पाहिली आणि म्हणाली, "सव्वादोन लागतील. हात सैल सोड." एकेक हिरवी बांगडी ती सांभाळून चढवत गेली. तेवढ्यात दोन बायका उठल्या. एक म्हणाली, दूध उतू जाईल. दुसरी तिच्या मागोमाग गेली. वडील दारात उभे होते. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाचे काका आले. माजघरात वडिलांशी बोलले. बोलणं फार वाढलं नाही. ते गेल्यावर वडील मागच्या दारी माझ्याजवळ येऊन बसले. बराच वेळ ते हातातला टॉवेल दुमडत होते.

"लग्न मोडत नाहीत," ते म्हणाले.

"बरं झालं."

"त्यांचं एक म्हणणं आहे. तू मांडवात नसावंस. त्यांच्याकडचे लोक बघतील म्हणून."

मी विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार, बाय? धाकटीचं बघायला नको का?"

मी मान हलवली. ती कशी हलली, मला माहीत नाही. तो माणूस वादळात बोटीवर उभा राहायचा, आणि माझ्यासमोर त्याला वर बघता येत नव्हतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी मावशींकडे गेले. जाताना निळा ब्लाउज आणि पांढरी साडी पिशवीत घेऊन गेले आणि तिथे नेसले. मावशींनी माझी गळपट्टी नीट केली. त्या लग्नाला गेल्या नाहीत. बँड आळीतून गेला तेव्हा त्यांनी मशीन थांबवलं नाही, उलट जोरात चालवलं. दुपारी घरून पानातलं सगळं डब्यात भरून आलं. संध्याकाळी वऱ्हाडाची गाडी मावशींच्या दारावरून गेली. मी खिडकीत उभी होते. बहीण पुढच्या सीटवर होती, मुंडावळ्या बांधलेली, आणि तिने मान खाली घातलेली होती.

गौरी-गणपतीला ती माहेरी आली. मला तेव्हा मंडणगडला शाळेत नोकरी लागली होती, चार दिवसांत निघायचं होतं. ती माझ्याजवळ येऊन बसली, म्हणाली, "मी तेव्हा काही बोलले नाही."

"हो," मी म्हटलं.

मग ती हळू आवाजात सांगायला लागली. सासूबाई तिला अंघोळीनंतर खोलीत बोलावतात. पाठ बघतात, दंड बघतात, केस बाजूला करून मान बघतात. रागावत नाहीत, काही बोलत नाहीत. नुसतं बघतात. "मला पण पूर्ण बाह्यांचे शिवून दे गो," ती म्हणाली. "आणि आता एकदा तू बघ."

दार लावून मी खिडकीच्या उजेडात तिची पाठ बघितली. नितळ होती. तिने पुन्हा बघायला सांगितलं.

मंडणगडला दुसऱ्या वर्षी माझ्या ओठांवर आणि पापण्यांवर आलं. तिथे कपड्याचा काही उपयोग नव्हता, पण बाह्या मी पुढे बरीच वर्षं मनगटापर्यंतच शिवत राहिले. बहिणीला कधीच काही झालं नाही. तिला दोन मुली झाल्या, तेव्हा तिच्या सासूबाईंनी तिची पाठ बघणं सोडलं आणि त्या मुलींची बघायला लागल्या.