बदामाची वरची पानं, खालची पानं

माझी पहिली पानं वनस्पतिशास्त्राच्या सरांनी परत केली.

लालबागच्या आमच्या चाळीमागे बदामाची दोन झाडं होती. एकाच्या बुंध्याशी बायका मासळी धुतलेलं पाणी ओतत. दुसरं गिरणीने टाकलेल्या राखेत वाढलं होतं. मातीच्या कसाने पानात काय फरक पडतो, ते मला दाखवायचं होतं. पहिल्याची पानं मी खालून तोडली आणि दुसऱ्याची गच्चीवरून, शेंड्याची.

"शेंड्याचं पान उन्हात वाढतं. ते लहान आणि जाड असणारच," सर म्हणाले. "मग यात मातीचा फरक कुठला नि उन्हाचा कुठला? सोमवारी नीट पानं आणा, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. परीक्षा हुकेल हे घरी कसं सांगावं ते सुचेना.

रविवारी चढलो. दोन्ही झाडांवर सारख्याच उंचीला खुणा हव्यात म्हणून आईच्या फाटक्या छत्रीच्या कापडाच्या पट्ट्या फांद्यांना बांधल्या. दुसऱ्या झाडावर होतो, तेवढ्यात गल्लीत पोलिसांची लॉरी थांबली. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांचे दिवस. आमच्याकडे रोज कुणाला ना कुणाला धरून नेत. छत्रीचं कापड काळं आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"ए, काळे झेंडे लावतोस?" हवालदार ओरडला.

"झेंडे नाहीत, साहेब. पानं तोडायचीत."

"पानं? मांडव घालतोस काय?"

शेजारची काकी गॅलरीतून म्हणाली, "हवालदारांनू, तो कॉलेजात जाता. पानांचा शिकता!"

"मग कॉलेज झाडावर भरतं?"

गॅलरीत कुणीतरी हसलं. हवालदार हसला नाही. "सगळं काळं काढ. एक चिंधी दिसली तर लॉरीत घालीन."

मी पट्टी सोडायचो, तिच्याजवळचं पान ओढायचो आणि सदऱ्यात कोंबायचो. लॉरी गेल्यावर खाटेवर सदरा रिकामा केला, तर वरची नि खालची पानं एक झालेली. जाड एकीकडे, पातळ एकीकडे करायला क्षणही लागला नसता. पण जाड ती वरची असं आधीच धरलं, तर मी दाखवणार तरी काय? मी ढीग तसाच बांधला.

सोमवारी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी एक पान उलटसुलट करून पाहिलं. मला वाटलं, संपलं.

"खालची, सावलीतली पानं जमिनीवरून हाताला लागतात? दोन्ही झाडांची?"

"हो, सर."

"मग तेवढीच ताडून पाहा. उद्या आणा. आणि चढू नका."

संध्याकाळी परत आलो तर गल्लीच्या तोंडाशी लॉरी पुन्हा उभी. मी आधी कालच्या हवालदाराकडे गेलो आणि काय तोडणार, कुठून तोडणार नि परीक्षेसाठी ते का हवं, ते सांगितलं. तो माझ्यामागून झाडापर्यंत आला. राखेतल्या झाडाचं पान लहान नि पिवळट निघालं, दुसऱ्याचं हिरवंगार, रुंद. दोन्ही त्याने हातात घेतली, पाहिली आणि मला परत दिली.

"जा," तो म्हणाला. "परीक्षा दे."