ठेंगूसाठी लागलेली बोली

पुकारे हे त्यांचं आडनाव नव्हे. जुन्या फर्निचरच्या लिलावघरात उभ्या जन्मात त्यांनी इतकं पुकारलं, की खरं आडनाव पोस्टमनखेरीज कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. कपाटं, पलंग, आरसे, शिलाई मशिनं, बंद पडलेल्या दवाखान्याचा अख्खा पसारा, जे येईल ते पुकारे उभ्या उभ्या विकत. तोंडाचा पट्टा असा चाले, की आपण खुर्ची घेतली की खुर्चीने आपल्याला घेतलं, हे गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर कळे.

आमची ओळख त्या दवाखान्याच्या पसाऱ्यातच झाली. आमच्या नाटक कंपनीला सिंहासन हवं होतं आणि सुताराच्या वाटेला जाण्याची आमची ऐपत नव्हती. पुकाऱ्यांनी दातांच्या डॉक्टरची लोखंडी खुर्ची पुढे ढकलली. "राजे, वर लाल मखमल टाका. वरखाली होणारं सिंहासन दुसऱ्या कुठल्या राजाकडे आहे, सांगा!" मी उंच, आवाज भरदार, त्यामुळे रंगभूमीवर जन्मभर राजेच केले. त्या खुर्चीवरून मी कित्येकांना देहान्ताची शिक्षा फर्मावली आणि एका प्रयोगात ऐन न्यायनिवाड्यात हळूहळू खाली खाली गेलो. त्या दिवशी मिळाल्या तेवढ्या टाळ्या मला पुन्हा मिळाल्या नाहीत. पुकारे मला अजून राजेच म्हणतात.

नाटक सुटलं, पण सोंग घ्यायची खोड सुटली नाही. ती भागवली पुकाऱ्यांच्या धाकट्या बहिणीने. ताईंचं औषधांचं दुकान आहे. रविवारी दुपारी त्या लिलावघराच्या मागच्या खोलीत एक खेळ चालवतात. कुणी विकत न घेतलेल्या लांबलचक जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचा, शेजारी फासे ठेवायचे. आपण सगळे एका टोळीतले वाटसरू. काय करायचं ते आपण तोंडाने सांगायचं, जमलं की फसलं ते फासे सांगणार. वाटेतले राक्षस, चेटकिणी, पहारेकरी, सगळे ताईच. औषधाच्या बाटल्या मोजून देणारी ही बाई राक्षस झाली की मीसुद्धा खुर्ची मागे सरकवतो.

नवी मोहीम निघाली की आधी प्रत्येकाने आपला वंश घ्यायचा. एल्फ म्हणजे लांब कानांचे, सडपातळ तिरंदाज. ड्वार्फ म्हणजे दाढी आणि कुऱ्हाड. ऑर्क म्हणजे रानदांडगे पैलवान. आणि ठेंगू, कमरेएवढे, चपळ, बोलघेवडे. ते कुलूप उघडतात, नाहीतर कुलूपवाल्याला बोलण्यात गुंगवतात. माणूसही मिळतो, पण तो कुणी घेत नाही. तो आठवडाभर असतोच.

इतर ठिकाणी लोक वंश आपापसांत ठरवून घेत असतील. आमच्याकडे लिलाव होतो, आणि तो अर्थातच पुकाऱ्यांनी सुरू केलेला. प्रत्येकाला मूठभर कोटाची बटणं मिळतात. त्यातून वंशावर बोली लावायची. जी बटणं उरतील त्यात तलवार, दोर, कंदील घ्यायचा. पुकारणाऱ्याने स्वतः बोली लावायची नाही, शेवटी उरेल तो वंश त्याचा. म्हणून पुकाऱ्यांच्या वाट्याला कायम उरलासुरला वंश आला. त्यांना त्याचं काही नव्हतं. ऑर्क आला तर तो ऑर्कही मारामारी सोडून राक्षसाला गालिचा विकायचा.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, चालणं जवळजवळ पूर्वीसारखं झालं, डोकं तर लख्ख. शब्द मात्र उशिरा येऊ लागले. एकेक शब्द जणू जिन्यावरून जड कपाट उतरवावं तसा, टेकत टेकत. लिलावघरात हातोडी आता ताईंच्या मुलाच्या, म्हणजे त्यांच्या भाच्याच्या हातात आली. पुकारे बऱ्याच दिवसांनी पुन्हा खेळायला येणार म्हटल्यावर आम्ही चौघे ताईंच्या दुकानात जमलो. ताई, भाचा, मी आणि लिफ्ट दुरुस्त करणारा आमचा मित्र, ज्याला सगळे लिफ्टवाला म्हणतात.

"दादासाठी मी नवा वंश काढलाय," ताई म्हणाल्या. "पाषाण. दगडाचा माणूस. प्रचंड ताकद, आणि बोलायचं जवळजवळ नाहीच."

"म्हणजे त्यांना कष्ट नकोत," भाचा म्हणाला.

कल्पना चांगली वाटली. नाटकातही आम्ही अंगकाठीला शोभेल अशीच भूमिका द्यायचो. मी मान डोलावली. लिफ्टवाल्याने मात्र डोलावली नाही.

रविवारी भाचा टेबलापाशी उभा राहिला. पुकारे आयुष्यात पहिल्यांदाच बटणं पुढ्यात घेऊन गिऱ्हाइकांच्या बाजूला बसले होते. पहिला नग एल्फ. तो मी घेतला. या वयात, या पोटाला एल्फ! पण राजे करून करून मी थकलो होतो.

"पुढचा नग, ठेंगू!"

लिफ्टवाल्याने सवयीने दोन बटणं सांगितली. पुकाऱ्यांनी उजवं बोट उचललं. भाच्याने खिडकीकडे पाहिलं.

"दोन बटणं एक वार, दोन वार, तीन वार! ठेंगू लिफ्टवाल्याला."

पुकाऱ्यांनी टेबलावर थाप मारली. बटणं उडाली.

"बोट," ते म्हणाले. "वर... होतं."

"मामा, पुढचा नग खास तुमच्यासाठी आहे. ऐका तर..."

"बोट... होतं."

"होतं की," लिफ्टवाला भाच्याकडे मान वळवून म्हणाला. "मी बघितलं. यानेही बघितलं."

वाचकांना यात काय एवढं, असं वाटेल. पण लिलावाच्या धंद्यात वर झालेलं बोट न पाहिल्यासारखं करणं याहून मोठा गुन्हा नाही. अशाच एका मदतनिसाला पुकाऱ्यांनी हातोडीपासून हटवून कपाटं पुसायला लावलं होतं. भाचा त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्याचा चेहरा उतरला.

शेवटी ताईच म्हणाल्या, "दादा, त्याला मीच सांगितलं होतं. ठेंगूला सारखं बोलावं लागतं रे. तुला त्रास होईल म्हणून..."

"मला... विचारलं?"

ताई नकाशाच्या सुरकुत्या सपाट करू लागल्या.

"पुन्हा... पुकार," पुकारे भाच्याला म्हणाले.

लिफ्टवाल्याने हात वर केले. "दादा, घ्या तुम्ही. मी सोडला."

"सोडू... नको. लाव... बोली."

मग लिफ्टवाल्याने खरोखरच लावली. दया दाखवायची नाही म्हटल्यावर तो फार वाईट माणूस आहे. तो तीनवर गेला, पुकाऱ्यांचं बोट. तो पाचवर गेला, पुकाऱ्यांचं बोट. भाचा घामाघूम, पण आता प्रत्येक चेहऱ्याकडे, प्रत्येक हाताकडे नीट बघत होता. शेवटी पुकाऱ्यांनी बटणांचा अख्खा ढीग तळव्याने पुढे सारला.

"एक वार..." भाचा थांबला. त्याने सगळ्यांकडे पाहिलं. "दोन वार..." पुन्हा पाहिलं. "तीन वार. ठेंगू, मामा."

लिफ्टवाल्याने ऑर्क घेतला. ड्वार्फची जागा ताईंनी या खेपेला पाषाणाला दिली होती; तोच उरला आणि पुकारणाऱ्याच्या, म्हणजे भाच्याच्याच गळ्यात पडला, आणि त्याला गप्प बसणं काही जमलं नाही. पुकाऱ्यांकडे ना चाकू उरला ना दोर. ठेंगू अंगावरच्या कपड्यांनिशी निघाला.

किल्ल्याच्या दरवाजाशी पहारेकरी होता. आत जायचं तर कुणीतरी बोलायला हवं. माझ्या जिभेवर एक झकास स्वगत तयार होतं, पण ते काम ठेंगूचं.

"कोण आपण?" ताईंनी हळुवारपणे विचारलं.

"नीट... विचार," पुकारे म्हणाले.

ताईंनी क्षणभर भावाकडे पाहिलं, आणि मग त्यांचा पहारेकरी गरजला. "ए बुटबैंगण! काय काम आहे? चटकन बोल, माझं जेवण व्हायचंय!"

"आम्ही... व्यापारी."

"कसले व्यापारी?"

"ति... ति..." शब्द अडला. पुकाऱ्यांच्या कपाळावरची शीर दिसू लागली.

"तिळाचे? तिजोऱ्यांचे?" पाषाणाने मध्येच तोंड घातलं. पुकाऱ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की पाषाण दगड झाला.

"अरे बोल ना! जेवण गार होतंय!" पहारेकरी ओरडला.

पुकाऱ्यांनी तो शब्द सोडून दिला. खुर्चीत मागे टेकले.

"तुला... घाई... आहे?"

"आहे!"

"मग... दार... उघड. माझं... संपायला... संध्याकाळ... होईल."

आधी लिफ्टवाला फुटला, मग आम्ही सगळे. ताई डोळे पुसत होत्या, ते हसून की कसं, मी विचारलं नाही. पण नियम म्हणजे नियम. त्यांनी फासे भावापुढे सरकवले. पुकाऱ्यांनी टाकले. जेमतेम पुरले.

दरवाजा उघडला. आम्ही ठेंगूच्या मागोमाग आत शिरलो. आत दुसरा पहारेकरी उभा होता. त्याचं जेवण झालेलं होतं.