तीन मिनिटांचा कॉल

बहरीनला, मनामातल्या त्या हॉटेलात परदेशी लाइन एकच आणि ताटकळणारे पाहुणे डझनभर. म्हणून आल्बिनाच्या टेलिफोन बोर्डाची शिस्त कडक. कॉल लागला की वाळूचं छोटं घड्याळ उलटं ठेवायचं. तीन मिनिटांनी वाळू संपली की ‘टाइम ओव्हर, सर’ म्हणून कॉर्ड उपटायची. अकरा वर्षांत तिचा हात कधी चुकला नाही.

१९७९ साली तिची मुलगी मेबल स्पेनमधल्या एका मठात नन व्हायला गेली. वसईला सगळ्या नातलगांनी कौतुक केलं. हिवाळ्यात मेबलच्या फुप्फुसात पाणी झालं. मठातल्या मदरला स्पॅनिशखेरीज काही येत नव्हतं, आणि एरवी दुभाषी होणारी मेबलच अंथरुणावर.

आल्बिनाने हॉटेलातल्या स्पॅनिश आचाऱ्याला गाठलं.

“मॅडम, आधी वर्तमानकाळ शिका.”

“तो घेऊन काय करू? लाइन लागेपर्यंत सगळं घडून गेलेलं असतं.”

मग त्याने ‘हाक मारणे’ हे सरळ चालीचं क्रियापद घेतलं आणि भूतकाळाची रूपं वहीत मांडून दिली. यामे, यामास्ते, यामो. यामामोस, यामास्तेइस, यामारोन. मी हाक मारली, तू मारलीस, तिने मारली. ही शेपटं पाठ झाली की त्याच घराण्यातली बाकीची क्रियापदंही बोलू लागतात, म्हणाला. मुहर्रकच्या घरात भाकऱ्या थापताना ती घोकायची. देस्कान्सो, तिने विश्रांती घेतली. मेखोरो, तिला बरं वाटलं.

“काय गो, जेवणपण स्पॅनिशमध्ये वाढणार?” तिचा नवरा निकोलस चिडवायचा. मग जरा वेळाने म्हणायचा, “ते परत म्हण. बरं वाटलं, ते.”

फेब्रुवारीत ड्यूटीवर असतानाच लाइन लागली.

“मेबल... मेखोरो?”

मदर आनंदाने काहीतरी बोलली आणि रिसीव्हर बाजूला ठेवून गेली. लांबवर जिना वाजू लागला. कुणी कुणाला तरी धरून, एकेक पायरी थांबत, खाली आणत होतं. आल्बिना कान देऊन ऐकत राहिली. समोर, सवयीने उलटं ठेवलेल्या घड्याळातली वाळू संपली आणि तिच्या हाताने कॉर्ड उपटली.

पुन्हा लाइन मिळाली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. मदर अगदी सावकाश बोलली. आचाऱ्याने न शिकवलेला शब्दही आल्बिनाला कळला: मेबल पहाटे गेली होती. दुसरा शब्द तर पाठच होता.

“यामो,” मदर रडत म्हणत होती. “मामा, मामा. यामो.” तिने हाक मारली, आईला.

आल्बिना आणखी सात वर्षं त्या बोर्डावर होती. घड्याळ ड्रॉवरमध्ये आडवं पडून असायचं.

“आल्बिना, नौ मिनट हो गये!” मॅनेजर सिराज ओरडायचा. “लाइन काटो!”

“उधर कोई सीढी उतर रहा होगा, सर,” ती म्हणायची, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायची.