फुंकणी

"आये, तू आत ओढत नाहीस, फुंकतेस! सगळं औषध हवेत गेलं!"

"मग? फुंकणी फुंकायचीच असते. तूच म्हणालेलीस, फुंकणी."

"म्हणालेले! पण म्हणून—"

"चुलीपुढे जन्म गेला माझा. मला नको शिकवूस फुंकायला."

बोलता बोलता मालूला धाप लागली. मेघालीने दम्याचा पंप पुन्हा तिच्या तोंडाशी धरला. "आधी श्वास सोड. आता मी दाबते, तू आत ओढ. हळू. धरून ठेव."

छातीतली शिट्टी मंद झाली. मालू भिंतीला टेकून बसली. रोज दोन वेळा पंप घेऊनही आपली छाती का भरते, ते आत्ता कुठे तिला कळलं.

मेघाली कोलशेतची आशाताई. दर शनिवारी समाजमंदिरात दम्याची माणसं जमवायची. पंप म्हटलं की बायका बिचकायच्या. 'त्याची सवय लागते' म्हणायच्या. म्हणून तिने त्याला फुंकणी म्हणायला सुरुवात केली. बायका हसल्या, पंप पदराआड घेऊन गेल्या. घेताना कुणी बघायला नको म्हणून दार लावून घ्यायच्या.

मालू तर समाजमंदिराकडे फिरकलीच नव्हती. मेघालीने आणून दिलेला पंपही ती दाराआडच घ्यायची. बाळकुम नाक्यावर तिची मासळीची पाटी लागायची. गिऱ्हाइकासमोर खोकला आला की ती पाटीवर वाकून कोळंबी उगाच वरखाली करायची, पदर तोंडात कोंबायची. कुणी विचारलंच तर, "सर्दी हाय." दमा हा शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

तिची आई जाईबाई त्याच नाक्यावर बसायची. तिनेही दमा कुणाला सांगितला नव्हता. एकदा भर गिऱ्हाइकात तिला धाप लागली. कुणीतरी म्हणालं, क्षय आहे. दुसऱ्या दिवसापासून पाटी भरलेली घरी यायला लागली. जाईबाईचा श्वास नंतर गेला; गिऱ्हाईक आधी गेलं.

"आये," मेघालीचा आवाज एकदम खाली आला. "त्या सगळ्याजणी पण फुंकत असतील गं."

"मग सांग त्यांना."

"दहादा दाखवलंय. माना डोलावतात. म्हणतात, तुला काय माहीत धाप? आज शनिवार, तू चल. नुसतं सांग, मी फुंकत होते म्हणून."

"खुळी झालीस? त्यातल्या निम्म्या माझ्या शेजारी पाटी लावतात. संध्याकाळपर्यंत नाक्याभर होईल, मालूला दमा हाय."

"आहेच ना तुला!"

"हाय! पण पाटीवर लिहून बसू? आयचं काय झालं ते तू नाय बघितलंस."

"तुझं बघतेय ना. रात्री उशाला बसून." मेघालीने डोळे पुसले. "आजीला दम्याने मारलं की लपवण्याने, सांग मला."

मालू उठली. लुगड्याचा काष्टा नीट केला. ओट्यावर पाटी भरून तयार होती, वर ओलं फडकं टाकलेलं. एरवी ती पंप चोळीत आत खोल सरकवायची. आज तिने तो उचलला आणि मुठीत धरला.

"आये? नाक्यावर चाललीस?"

 उंबरा ओलांडून मालू बाहेर पडली. पाटी ओट्यावरच राहिली.